शंभर सीसीचा हिशेब

मुलगा कमवायला लागला की पहिली मागणी गाडीची येते, हे मला विद्यार्थ्यांकडून ठाऊक होते. आपल्या घरी ती वेळ आल्यावर मात्र माझी पंचाईत झाली.

आमचा चिरंजीव मेकॅनिकलचा डिप्लोमा करून गेल्या वर्षी मध्य प्रदेशात पीथमपूरला एका कारखान्यात लागला. पीथमपूर धार जिल्ह्यात येते आणि धारला आमची अक्का दिलेली आहे. त्यामुळे राहण्याचा प्रश्नच नव्हता. आत्याचे घर असताना पोरगा खोली करून राहील, हे आमच्याकडे कुणाला पटले असते? अक्कानेच फोनवर सांगून टाकले, "त्याला माझ्याकडे पाठव, बाकीचं मी बघते."

आपल्या वाचकांना धार परके वाटण्याचे कारण नाही. धार आणि देवास ही दोन्ही पवारांची संस्थाने. दुसऱ्या बाजीरावाचा जन्म १७७५ साली धारच्या किल्ल्यातला. आणि देवासचे नाव घेतले की बेळगावकराला सुळेभावी आठवलीच पाहिजे. सुळेभावीच्या कोमकळीमठांचा मुलगा १९४८ साली आजारी शरीर घेऊन हवापालटासाठी देवासला गेला आणि पुढे जन्मभर तिथलाच झाला. कुमार गंधर्वांचे उदाहरण आमचे दाजी प्रत्येक पाहुण्याला देतात. "तुमच्याकडचा माणूस इकडे आला की रुजतो," हे त्यांचे ठरलेले वाक्य.

चिरंजीवही रुजू लागला होता. अडचण होती ती अंतराची. धार ते पीथमपूर एका बाजूने पंचेचाळीसेक किलोमीटर. सुरुवातीला तो कारखान्याच्या बसने जायचा. पण दुसरी पाळी लागली की बस त्याला अर्ध्या वाटेवर सोडी आणि तिथून पुढे जे मिळेल त्याने घर गाठायचे. म्हणून त्याने गाडी काढायचे ठरवले, आणि ती एकशेसाठ सीसीची!

मी साफ नाही म्हणालो. माझी शंभर सीसीची गाडी २००३ सालची. घर ते कॉलेज आठ किलोमीटर, बेळगावचा पाऊस, मागे कधी बायको, कधी गॅसची टाकी, कधी तपासायचे पेपर. वीस वर्षांत तिने मला रस्त्यात फार थोड्या वेळा उभे केले. एक किक मारली की सुरू. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली, तेव्हापासून आपल्या मध्यमवर्गाने या जातीच्या गाडीवर जीव लावला, तो उगाच नाही. पेट्रोल कमी, भाग स्वस्त, आणि गावोगावच्या मिस्त्रीला डोळे झाकून उघडता येते. पोरगा गाडी शिकला तोही हिच्यावरच. मला वाटले, हीच रेल्वेने पार्सल करून पाठवावी. पण त्यातही एक मेख होती. एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांच्या वर ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो. आपल्यासारख्या सीमेवरच्या लोकांना हे नवीन नाही. वीस वर्षांच्या जुन्या 'केए २२'साठी तिकडच्या आरटीओचे खेटे कोण घालणार? तेव्हा नवीच घ्यायची, पण शंभर सीसीची, असे मी ठरवून टाकले.

आमच्या आईचे माहेर गोकाककडचे. तिची एक कन्नड म्हण आमच्या घरात मराठीइतकीच चालते, "हासिगे इद्दष्टु कालु चाचु." अंथरूण पाहून पाय पसरावे, तीच ही म्हण. मी ती फोनवर पोराला ऐकवली. तो म्हणाला, "बाबा, हासिगे किती लांब आहे ते तुम्ही पाहिलंय कुठे? एकदा येऊन बघा."

दिवाळीच्या सुट्टीत गेलो. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेतीनशे सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी अठ्ठावीस टक्क्यांवरून अठरावर आला होता, त्यामुळे दुकानांत गर्दी होती आणि चिरंजीवांचा उत्साहही वाढला होता. मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. रोज नव्वद किलोमीटर, महिन्याला पंचवीस दिवस, म्हणजे २२५० किलोमीटर. लहान गाडीने लिटरला साठ दिले तर साडेसदतीस लिटर. मोठीने पंचेचाळीस दिले तर पन्नास लिटर. पेट्रोल शंभराच्या वरच आहे, पण हिशेबाला शंभर धरले तरी महिन्याला साडेबाराशेचा फरक. शिवाय विकत घेतानाचा फरक वेगळा. पगार अजून वीस हजारांच्या आत. मला वाटले, आता काय बोलायचे राहिले?

पोराने माझा कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर त्याचे गणित मांडले. "समजा, पुढे ट्रक साठच्या वेगाने चाललाय. त्याच्या मागून निघून पुढे सुरक्षित यायला मला त्याच्यापेक्षा चाळीस मीटर जास्त जायला हवं. शंभर सीसी आरामात सत्तर घेते. म्हणजे फरक ताशी दहा किलोमीटरचा. चौदा सेकंद लागतात. तेवढ्यात मी पावणेतीनशे मीटर जातो, सगळा वेळ ट्रकच्या चाकांशेजारून. मोठी गाडी पंच्याऐंशी घेईल, तर हेच काम सहा सेकंदांत होतं."

मी मराठीचा प्राध्यापक. चौदा सेकंद आणि सहा सेकंद यांतला फरक मला कागदावर कळला, पण पटला नाही. "सत्तर तरी कशाला? सावकाश जावं," असे मी म्हणालो. दाजी हसले. त्यांनी त्यांच्या जुन्या शंभर सीसीची किल्ली माझ्यापुढे ठेवली. "उद्या तुम्हीच चालवा. पोराला मागे घ्या."

दाजींचा दुचाकीतला शब्द घरात प्रमाण असतो. त्यांनी बँकेतली सगळी नोकरी कायनेटिक होंडावर केली. ती स्कूटर १९८४ साली बाजारात आली, गिअर नाही, बटण दाबले की सुरू. आणि ती बनायची याच पीथमपुरात. मालक फिरोदिया, म्हणजे आपल्याच महाराष्ट्रातले. दाजी म्हणतात, "आमच्या दारात तयार झालेली गाडी होती ती." आज त्याच पीथमपुरात गाड्यांची चाचणी घेण्यासाठी ११.३ किलोमीटरचा वेगाचा गोल रस्ता आहे. २०२१ साली त्याचे उद्घाटन झाले. तिथे मोटारी कशा उडतात, ते चिरंजीव आम्हाला रंगवून सांगतो. कामावर जाणाऱ्याचा रस्ता मात्र वेगळा.

तो रस्ता मी दुसऱ्या दिवशी पाहिला. धार सुटेपर्यंत सगळे माझ्या ओळखीचे होते. गाडी हलकी, वळायला सोपी, गर्दीतून काढायला छान. एकदा इंदूर रस्त्याला लागल्यावर मी पन्नासच्या आसपास ठेवली आणि मग लक्षात आले, की या रस्त्यावर पन्नासने जाणारा मी एकटाच आहे. जो तो मागून येत होता. आरशात कंटेनर दिसे, भोंगा वाजे आणि तो बाजूने जाताना वाऱ्याचा असा लोट येई, की शंभर-सव्वाशे किलोची गाडी हातभर सरके. चाके अरुंद, ब्रेक ड्रमचे. साठच्या वर नेली तर दोघांच्या ओझ्याने इंजिन कण्हू लागे आणि हँडलला थरथर येई. साठच्या वेगाला एका सेकंदात सोळा-सतरा मीटर मागे पडतात, हेही पोरानेच सांगितले होते. बेळगावात हा आकडा मला कधी आठवावा लागला नव्हता.

घाटाबिल्लोदला पोहे आणि चहा घ्यायला थांबलो. मी काही बोललो नाही. माझे तळवे अजून झिणझिणत होते. पोरगा म्हणाला, "बाबा, आत्ता सकाळ आहे. मी परत येतो ती वेळ रात्री अकरानंतरची."

वीस वर्षे ज्या गाडीच्या भरवशावर संसार केला, तिच्याबद्दल मी त्याला फोनवरून ठासून सांगत होतो, ते या रस्त्याला लागू नव्हते.

परत आल्यावर मी म्हणालो, "ठीक आहे, मोठी घे. कर्जाचे काही हप्ते मी भरतो." मोठ्या गाडीच्या बाजूने आणखी एक मुद्दा होता. २०१९च्या नियमाने १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस आले, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक घसरत नाही. त्याखालच्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लागणारे सीबीएस चालेल असे ठरले. मला वाटले, प्रश्न सुटला. पोरगाही खूश झाला.

अक्का स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिने कधी गाडी चालवलेली नाही. ती म्हणाली, "आठ तास उभं राहून काम केलेलं पोर रात्री पंचेचाळीस किलोमीटर गाडी मारणार. त्याला झोप आली तर ते तुमचं एबीएस त्याला उठवतं का?"

कुणीच बोलले नाही.

"गाडी बदलू नका, अंतर बदला," ती म्हणाली. "पीथमपुरात खोली बघा."

हे तिने म्हणावे, याला काय लागते ते मला ठाऊक आहे. अक्काची मुलगी लग्न होऊन लांब गेली. धारच्या घरात मराठी आहे, पण ती हिंदी-माळवीत मुरलेली. कन्नड बोलायला तिला तीस वर्षांत कुणी नव्हते. पोरगा आल्यापासून रात्री दार उघडताना ती विचारायची, "ऊट आय्तेनो?" आणि तो आत येत "इल्ला आत्या" म्हणायचा. दाजींना कळू नये अशा तक्रारी दोघे कन्नडमधूनच करत. त्या घरातला हा आवाज तिने स्वतःहून बाहेर पाठवला.

कागदावर तिसरा हिशेब मांडला. तिघांत खोली, वाट्याला दीड हजार. कारखाना सहा किलोमीटर. महिन्याचे तीनशे किलोमीटर, म्हणजे पाच लिटर पेट्रोल. त्यात खानावळ धरली तर पैसे जवळजवळ तेवढेच जातात, हे कबूल केले पाहिजे. पण रोजचे दोन-अडीच तास वाचतात आणि रात्रीचा महामार्ग टळतो. आणि मग त्या बारा किलोमीटरना कोणती गाडी लागते? तीच, शंभर सीसीची! पोराने स्वतःच ती निवडली. मी एक शब्दही बोललो नाही, याची नोंद घरात झाली आहे.

गाडी घेणाऱ्या वाचकांना माझ्या अनुभवावरून एवढेच सांगेन. दुकानात जाण्याआधी चार गोष्टी लिहून काढा: रोज किती किलोमीटर, कसल्या रस्त्याने, कोणत्या वेळी आणि मागे कोण बसणार. रोजचे वीस-तीस किलोमीटर, गावातला रस्ता, चाळीस-पन्नासचा वेग असेल तर शंभर सीसीला तोड नाही. जास्तीचे पैसे घालू नका. मागे नेहमी कुणी असेल किंवा चढ असतील तर सव्वाशे पाहा. २०२० साली बीएस सहा आल्यापासून बहुतेक नव्या गाड्यांना जुना कार्ब्युरेटर राहिलेला नाही, तेव्हा इंजेक्शनची गाडी दुरुस्त करणारा मिस्त्री जवळ आहे का, हेही विचारा. आणि रोज महामार्गाने लांब जायचे असेल, तर सीसी वाढवण्याआधी ते अंतरच कमी होते का ते बघा. शक्य झाल्यास ज्याच्यासाठी घेता त्याच्या रस्त्यावर एकदा स्वतः जाऊन या.

'एमपी ११' नंबरची ती गाडी आता पीथमपुरात खोलीखाली उभी असते. रविवारी चिरंजीव बसने धारला जातो. मागच्या आठवड्यात अक्काचा फोन आला. म्हणाली, "आता शनिवारी रात्रीच येतो. दार वाजलं की मी आधी विचारते, गाडीवर आलास का बसने? बसने म्हणाला, की मगच ऊट आय्तेनो."