धक्क्याच्या पोटाखाली

जुनी वस्तू टाकायची म्हटली की घरात दोन पक्ष पडतात. एकाला ती अडगळ वाटते, दुसऱ्याला लक्ष्मी! दिवाळीच्या झाडलोटीत मोडक्या पाळण्यावरून जे महाभारत घडते, तेच आमच्या गावात एका तरत्या धक्क्यावरून घडले. फरक इतकाच की माळ्यावरची अडगळ निमूट पडून असते. पाण्यातल्या अडगळीत मात्र कोणीतरी बिऱ्हाड थाटलेले असते.

आमचे गाव दाभोळच्या खाडीकाठचे. सह्याद्रीतून निघालेली वाशिष्ठी चिपळूणवरून येऊन इथे समुद्राला मिळते. कोयनेच्या पाण्याची वीज करून झाली की तेही पोफळीहून हिच्याच पदरात पडते. वरून गोडे पाणी, खालून खारे, आणि रोज दोनदा त्यांची ओढाताण! भरतीची वेळ सांगायला इथे पंचांग पुरते. तिथीची पाऊणपट केली की झाले. दशमीला साडेसात, पौर्णिमेला सव्वाअकरा. खाडीत आत जावे तसा थोडा उशीर. पाऊणकीचा हा हिशेब आमच्या शाळेत एकाही मुलाचा चुकत नाही.

धक्का म्हणजे लोखंडी पिंपांवर ठोकलेल्या फळ्या. खांबांना कड्यांनी अडकवलेला, भरतीला वर चढणारा, ओहोटीला खाली उतरणारा. पुढे सिमेंटचा नवा धक्का झाला आणि हा निकामी ठरला. 'काढून टाका' असे सर्वांचे मत पडले.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर. विज्ञान माझे बेताचे. पण कादंबऱ्या लिहिणाऱ्याला एक खोड असते. वरचे दिसले की खाली काय आहे ते पाहिल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. एका सकाळी होडीत पालथा पडून मी धक्क्याच्या पोटाखाली डोकावलो, आणि पाहातच राहिलो. पिंपांचे लोखंड कुठे दिसेना! कालवांवर कालवे, त्यांवर स्पंज, त्यावर शेवाळ, आणि फटीफटींतून खेकडे. सावलीला बोयांची पिल्ले थव्याने उभी होती. खडकावरच्या कालवांना दिवसातून दोनदा उपवास घडतो. पाणी ओसरले की कवच मिटून बसावे लागते. धक्का पाण्याबरोबरच खालीवर होतो, म्हणून त्याच्या पोटाखालच्या मंडळींना एकादशी ठाऊकच नाही. आणि ती नुसती खात नाहीत; पाणी गाळून खातात, म्हणजे खाडीची धुणीभांडीच करतात म्हणा ना.

पण म्हणून धक्का साधुसंत ठरत नाही. कधीतरी डागडुजीला त्याच्या पोटात थर्माकोलचे ठोकळे कोंबले होते. त्यांचा भुगा होऊन काठावर साबुदाण्यासारखा पसरे आणि मासे तो अन्न समजून गिळत. मोठ्या ओहोटीला धक्का चिखलावर टेकला की खालची जीवसृष्टी चिरडून जाई. शिवाय अशा तरत्या लाकडालोखंडावर परदेशी जीवही चटकन घर करतात. मायटिलॉप्सिस नावाची अमेरिकेकडची एक शिंपली १९६७च्या सुमारास विशाखापट्टणम बंदरात आढळली, पुढे मुंबईच्या गोदीतही पोचली. तेव्हा धक्का काढणेच बरे, हे मलाही पटले. प्रश्न होता तो कसा काढायचा याचा.

खांब उपटले की बरोबर कित्येक वर्षांचा गाळ वर येतो. खोलवरचा तो काळा चिखल प्राणवायूविना पडलेला असतो. कुजक्या अंड्यांचा वास येतो तो त्याचाच. तो ढवळला की पाण्यातला प्राणवायू ओढून घेतो आणि मासे गुदमरतात. बोटींच्या बुडाला पूर्वी कथिलाच्या विषारी संयुगाचा रंग फाशीत. २००१च्या आंतरराष्ट्रीय कराराने त्याला मनाई केली, २००८ पासून ती अमलात आली. पण चिखलाची स्मरणशक्ती माणसापेक्षा दांडगी. आणखी एक गोष्ट. धक्क्याच्या आडोशाला लाटा शांत होत, म्हणून काठाशी पांढऱ्या चिपीची रोपे धरली होती. २०२० साली महाराष्ट्राने जिला राज्य कांदळवृक्षाचा मान दिला तीच ही चिपी. आडोसा गेला की लाँचच्या लाटा थेट तिच्या मुळाशी.

मारुतीच्या देवळात बैठक झाली. तावातावाने बोलणारे पुरुषच होते. शेवटी कालवे काढून पोट भरणाऱ्या एक काकी उठल्या. म्हणाल्या, "गुरुजी, फळ्या न्या, लोखंड न्या, पण माज्या कालवांचं काय?" देवळात एकदम शांतता पसरली.

त्या शांततेतून जे ठरले ते साधेच होते. जून-जुलैत, मासेमारी बंद असते त्या विणीच्या काळात, हात लावायचा नाही. आधी सभोवार जाळे धरून थर्माकोल काढायचा. उधाणाच्या दिवशी ओहोटीही तितकीच खोल जाते. तेव्हा उघड्या पडलेल्या चिखलात खांब उपटायचे नाहीत, चिखलाच्या पातळीला कापायचे. काठाकडचे तीन खांब चिपीसाठी तसेच ठेवायचे. आणि कालवांचे झुबके खरवडून फेकून न देता खडकांच्या कपारीत मांडायचे.

याला आता वर्ष होऊन गेले. चिपीची बाहेरच्या अंगाची दोन रोपे वाहून गेली, बाकीची उभी आहेत. कालवे पुष्कळ मेली, काही जगली. धक्का टेकत असे त्या चिखलात आता निवट्या उड्या मारतात. पोरांना तेवढीच करमणूक. बोयांची पिल्ले मात्र त्या जागी दिसत नाहीत. खाडीने जमाखर्च मांडला आहे, शिल्लक अजून काढलेली नाही.

काकींचे काम मात्र वाढले. पूर्वी होडी धक्क्याला लावून त्या केव्हाही कालवे काढीत; आता खडक उघडा पडेल तेव्हाच जावे लागते. त्यांची नात माझ्या वर्गात आहे. रोज संध्याकाळी ती आजीला तिथीची पाऊणपट करून देते, आणि भरतीत सव्वासहा तास मिळवून ओहोटी किती वाजता तेही सांगते. हे मात्र मी अजून वर्गात शिकवलेले नाही.