परत आलेली पार्सले

घोडेगावच्या वर, डिंभे धरणाच्या अंगाला आमचे गाव आहे. खाचरात इंद्रायणी भात होतो. व्यापारी खळ्यावर येतो, भाव तोच ठरवतो. तोच तांदूळ पुण्यात काय भावाने जातो ते कळल्यावर बचत गटात ठरले, तांदूळ आणि नाचणीचे पापड आपणच ऑनलाइन विकायचे.

कागदपत्रांची भीती वाटत होती, पण ते काम सोपे निघाले. 12 लाखांच्या आत उलाढाल असल्याने अन्नसुरक्षेची साधी नोंदणी पुरली. तेव्हा वर्षाला 100 रुपये फी होती. आपल्याच राज्यात विकणाऱ्या लहान विक्रेत्याला 1 ऑक्टोबर 2023 पासून जीएसटी नोंदणीशिवायही ऑनलाइन विक्रीच्या कंपन्यांवर माल लावता येतो, फक्त नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. तो घेऊन एका मोठ्या कंपनीवर माल लावला.

पहिला दणका पापडांनी दिला. पापड किलोभरच, पण मोडू नयेत म्हणून खोका मोठा घेतला. 30 सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद, 20 उंच. कुरिअरवाले लांबी, रुंदी, उंची गुणून 5000 ने भागतात. आमचा खोका 3.6 किलोचा ठरला आणि भाडे तेवढ्याचे लागले. आता पापड एकावर एक घट्ट रचून खोका अगदी बेताचा घेतो.

मग पार्सले परत यायला लागली. पैसे माल मिळाल्यावर द्यायचे, म्हणून लोक मागवत आणि दारात नको म्हणत. माल हिंडून यायचा, पिशवी फाटलेली असायची. एका पिशवीत पोरकिडेही झाले होते. तो तांदूळ निवडताना कुणी कुणाशी बोलत नव्हते. वर्षभर राबून पिकवलेले धान्य होते ते.

काही गिऱ्हाइकांनी भाताचा लगदा होतो असे लिहिले. इंद्रायणी मुळातच चिकट, त्यात तांदूळ नवा. आम्ही पिशवीत चिठ्ठी घालायला लागलो: तांदूळ भिजत घालू नका, नेहमीपेक्षा पाणी कमी घाला. त्या चिठ्ठीनंतर ही तक्रार जवळजवळ थांबली.

याच काळात एकाचा फोन आला. लष्करात आहे, छावणीसाठी पोतीच्या पोती हवीत म्हणाला. आगाऊ पैसे पाठवतो म्हणून क्यूआर कोड पाठवला, तो स्कॅन करून पिन टाका म्हणाला. मी मोबाइल हातात घेतलाही होता. शेजारी जाऊबाई होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, पैसे घ्यायला पिन कशाला लागतो?" मी फोन ठेवला. हात थरथरत होते. कुणाचे पैसे असे गेलेच, तर लगेच 1930 वर फोन करावा.

सावरलो ते जुन्या गिऱ्हाइकांमुळे. ज्यांना तांदूळ आवडला त्यांनी पिशवीवरच्या नंबरवर पुन्हा मागणी केली. त्यांचा व्हॉट्सअ‍ॅप गट केला. निम्मे पैसे आधी घेतो आणि मागणी जमली की गावातल्या टेम्पोने चाकण, भोसरीपर्यंत एकदम माल नेतो. सोसायटीच्या फाटकाशी गिऱ्हाईक पिशवी उघडून तांदूळ हातात घेऊन बघते, मगच उरलेले पैसे देते. परत आलेली पिशवी आता क्वचितच दिसते. कंपनीवर फक्त पापड ठेवलेत. वजनाला जड आणि भावाला स्वस्त माल कुरिअरने परवडत नाही, हे माझे स्पष्ट मत आहे.

यापुढे खरेदी मोबाइलवरच वाढणार, त्यात शंका नाही. सरकारच्या पाठबळाने उभ्या राहिलेल्या ओएनडीसी या ऑनलाइन विक्रीच्या जाळ्यावरही माल लावून बघायचा विचार आहे. पण डिंभ्याच्या वरच्या वाड्यांना अजून धड रेंज येत नाही. मागणी बघायला बायकांना टेकडीवर जावे लागते. तिथे आधी टॉवर द्या.