बुलगोगी सगळ्यांनी खाल्ली, कसाई कुठे गेला?

अमेरिकेतल्या ज्या विद्यापीठाच्या गावात आम्ही चौघं शिकतो, तिथे एक सेवाभावी क्लब आहे. सभासद बहुतेक निवृत्त गोरे लोक. शाळांना पुस्तकं देतात, रक्तदान शिबिरं घेतात आणि अधूनमधून परदेशी विद्यार्थ्यांना बोलावून 'तुमची संस्कृती आम्हाला सांगा' म्हणतात. माणसं चांगली आहेत, हे आधीच सांगून टाकतो. मागच्या महिन्यात कोरियन संशोधकांचा कार्यक्रम झाला. पुढची पाळी भारताची, म्हणजे आमची, म्हणून आम्ही बघायला गेलो.

जाताना आमच्या डोक्यात कोरिया म्हणजे बौद्ध देश, एवढंच होतं. विहारात लहानपणापासून ऐकलेली देशांची यादी. प्रत्यक्षात पाचशे वर्षं टिकलेली तिथली जोसोन राजवट कन्फ्यूशियसच्या विचारावर चालत होती, आणि भिक्खूंना राजधानीत शिरायला 1895 पर्यंत बंदी होती, हे आम्हाला तिथे जाऊन कळलं. देश बौद्ध म्हटला की समता आपोआप आली असं धरून चालायची आपली सवय आहे. ती जरा तपासायला हवी.

कार्यक्रम देखणा होता. रंगीत हानबोक घातलेल्या दोन मुली, राजा सेजोंगने तयार करून घेतलेली हंगुल लिपी, प्रत्येकाचं नाव त्या लिपीत लिहून देणं, चामड्याचा ढोल, किमची आणि बुलगोगी. बुलगोगी म्हणजे गोड-खारट मसाल्यात मुरवून भाजलेलं गाईचं मांस. ताटं चाटूनपुसून साफ झाली. मग हाहोए गावचे लाकडी मुखवटे टेबलांवरून फिरवले. खऱ्या मुखवट्यांना तिथे राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा आहे, या त्यांच्या प्रतिकृती. उमराव, पंडित, नवरी, भिक्खू. आमच्या टेबलावर आला तो दोरीने जबडा बांधलेला, हसऱ्या तोंडाचा. 'हा बेकजोंग. म्हणजे कसाई,' असं सांगून बोलणारी पुढच्या मुखवट्याकडे वळली.

'म्हणजे कसाई.' एवढंच. ही थोडक्यात उरकण्याची रीत आमच्या चांगली ओळखीची आहे. शाळेच्या पुस्तकात बारा बलुतेदारांचं चित्र असायचं. सुतार, लोहार, कुंभार, आणि एका कोपऱ्यात महार, 'गावची राखण करणारा'. गाव कसा गुण्यागोविंदाने नांदत होता! मेलेलं जनावर कोण ओढायचं, ते चित्रात नसायचं.

आमच्यातल्या एकीने हात वर केला, पण लॉटरीची चिठ्ठी काढायची वेळ झाली होती. नंतर भांडी विसळताना आम्ही त्या संशोधक मुलीला गाठलं. ती आधी गप्प राहिली. मग म्हणाली, शाळेत एक परिच्छेद होता. आणि तिची आजी पेपरात खुनाची बातमी वाचली की त्या खुन्याला 'माणूस-बेकजोंग' म्हणायची. 'त्या शब्दामागे खरी माणसं होती, हा विचार मी कधी केला नाही,' असं ती म्हणाली. प्रामाणिक उत्तर होतं. आम्ही घरी येऊन वाचायला बसलो.

बेकजोंग म्हणजे जनावरं कापणारे, चामडं कमावणारे, टोपल्या विणणारे. वस्ती वेगळी. रेशीम घालायचं नाही, घोड्याच्या केसांची प्रतिष्ठित टोपी घालायची नाही, सामान्य घरातल्या पोरासमोरही अदबीने बोलायचं. आणि हे ऐका. 'बेकजोंग' हा शब्द आधी साध्या रयतेसाठी वापरला जायचा. 1423 मध्ये, त्याच लिपीवाल्या सेजोंगच्या काळात, या जमातींना रयतेत सामावून घ्यायचं म्हणून तो सन्मानाचा शब्द त्यांना दिला गेला. लोकांनी त्यांना 'नवे बेकजोंग' म्हणायला सुरुवात केली, आणि पुढे तो शब्दच शिवी झाला. 'हरिजन' शब्दाची गोष्ट ज्यांना माहीत आहे, त्यांना जास्त सांगायला नको.

1894 च्या सुधारणांनी कायद्याने दर्जे मोडले. गावाने मोडले नाहीत. 1909 मध्ये जिंजू शहरातल्या चर्चमध्ये बेकजोंगांना एकत्र प्रार्थनेला बसवलं, तर बाकीचे भाविक उठून गेले. त्याच जिंजूत एप्रिल 1923 मध्ये ह्योंगप्योंगसा ही संघटना उभी राहिली. जपानच्या मेइजी विद्यापीठात शिकलेला जांग जी-पिल तिच्यात होता. सरकारी नोकरीसाठी गेला, तर नोंदवहीत जन्माने कसाई असल्याचा शेरा आडवा आला. बडोद्यात बाबासाहेबांना विलायतेची पदवी किती उपयोगी पडली, ते आठवा. संघटनेच्या नावातला 'ह्योंग' म्हणजे तराजूची दांडी. ज्या तराजूने मांस तोलायचं, त्याच तराजूवर माणूस सारखा तोला, ही मागणी. गावाचं उत्तर काय? त्यांच्याकडून मांस घेणं बंद. पाठिंबा देणाऱ्या जमीनदार घरातल्या कांग सांग-होलाही 'नवा बेकजोंग' म्हणून हिणवलं गेलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईच्या कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे खुले करणारा बोले ठराव मंजूर होत होता. महाड पुढे 1927 मध्ये.

आता एक फरक, कारण आपल्याकडे तुलना हाती लागली की आपण ती ताणतो. बेकजोंग आज शोधून सापडत नाहीत. युद्ध, उद्ध्वस्त गावं, शहरांकडे गेलेली माणसं, या सगळ्यात ती ओळख पुसली गेली. त्या मुलीला विसरता आलं, कारण तिला आज कोणी आडनाव विचारून तोलत नाही. आम्हाला इथे पहिल्याच आठवड्यात देशी घरात जेवायला बोलावून आडनाव विचारलं गेलं, मग गाव, मग 'गावात कुठे?'. सिएटलच्या नगरपरिषदेला 2023 मध्ये जातीच्या भेदभावावर बंदी घालावी लागली, ती उगाच नाही. त्यांचं विसरणं दुःखद आहे. आपल्याकडच्यांचं विसरणं हा सोयीचा व्यवहार आहे.

म्हणून आमच्यात भांडण झालं. एकाचं म्हणणं, परक्यांसमोर आपली जखम कशाला उघडी करायची, ही काय दाखवायची वस्तू आहे? म्हणणं खोटं नाही. गोऱ्यांची हळहळ आम्हालाही नको आहे. दुसरीचं म्हणणं, फक्त बाबासाहेब आणि संविधान सांगू. पण मग आमची आजी कुठे येणार? तिची भाकरी, तिची जात्यावरची गाणी, ती संस्कृती नाही का? दोन रात्री वाद चालला. क्लबच्या बाईंचा निरोप आला की समोसे आणि रांगोळी असेल ना, शिवाय भारतीय सगळे शाकाहारीच असतात ना. तेव्हा वाद मिटला.

पुढच्या महिन्यात दुसऱ्या शनिवारी आमचा कार्यक्रम आहे. वजडी मेक्सिकन दुकानात मिळते, ती आणि ज्वारीची भाकरी आम्ही करतोय. त्या कोरियन मुलीला बोलावलंय, ती मुखवटा घेऊन येते म्हणाली. अडलंय ते हलगीपाशी. त्याआधी मराठवाड्यातून कोणी इकडे येणार असेल, तर एक घेऊन या. विमानात हातातल्या सामानात बसते.