पहिला उठणारा

प्रत्येक घरात सर्वांच्या आधी उठणारे एक माणूस असते. दाराची कडी काढणे, दूध आत घेणे, चहाचे आधण ठेवणे ही कामे कोण करते, याचा बाकीच्यांना पत्ताही नसतो. ते माणूस चार दिवस गावाला गेले म्हणजे मात्र घराचा गाडा कोणाच्या जिवावर चालला होता, ते कळते.

संगणकाच्या घरातही असे एक माणूस आहे. लिनक्सवर चालणारे यंत्र सुरू केले, की आधी त्याचा गाभा जागा होतो आणि तो एकाच कार्यक्रमाला हाक मारतो. त्याचे नाव इनिट आणि त्याचा क्रमांक 1. बाकीची मंडळी त्याच्या हाताखाली उठतात. एखाद्या प्रक्रियेचा जन्मदाता तिच्याआधी संपला, तर ती पोरकी प्रक्रिया बहुधा याच्याच पदरात पडते.

गेली काही वर्षे मी एका लहानशा वाचनालयाचा सर्व्हर सांभाळतो आहे. पुस्तकांची यादी आणि सभासदांच्या नोंदी एवढाच त्याचा संसार. काळ्या पडद्यावर आज्ञा लिहून माझे आजवर भागले. आता हे काम ग्रंथपालबाईंच्या हाती द्यायचे आहे. त्यांना ब्राउझर चांगला येतो. आज्ञांची भाषा येत नाही. तेव्हा ब्राउझरच्या खिडकीतून यंत्राचा कारभार दिसेल, असे एखादे साधन निवडणे आले.

साधने दोन समोर होती, कॉकपिट आणि वेबमिन. कॉकपिट देखणे आणि नेटके. यंत्रावर जो वापरकर्ता आहे त्याच्याच नावाने ते आत घेते आणि त्याला असतील तेवढेच अधिकार देते. शिवाय ते रिकामे बसून राहत नाही; 9090 क्रमांकाच्या दारावर कोणी थाप मारली, की तेवढ्यापुरते जागे होते. पण दारावर कान देऊन बसते कोण? सिस्टमडी! सेवांची यादी, नोंदवही, सारे कॉकपिट त्याच्याकडूनच मागून घेते. मांडवावाचून वेल नाही, तसे सिस्टमडीवाचून कॉकपिट नाही.

आणि आमच्या यंत्रावर तर सिस्टमडी नव्हते! लेनार्ट पोटरिंग आणि के सीव्हर्स यांनी ते 2010 साली पुढे आणले. सेवा एकदम उठवायच्या, सांगून ठेवले तर पडलेलीला पुन्हा उभे करायचे, सर्वांच्या नोंदी एका जागी ठेवायच्या, हे त्याचे गुण. पहिल्या उठणाऱ्याने साऱ्या घराचाच कारभार हाती घ्यावा का, हा त्याच्यावरचा आक्षेप. 2014 साली डेबियनच्या तांत्रिक समितीने त्याच्या बाजूने कौल दिला, तेव्हा काही मंडळी वेगळी निघाली आणि त्यांनी देवुआन नावाची नवी चूल मांडली. आमचे यंत्र त्या चुलीवरचे. त्याचा जुना इनिट साध्या मजकुराच्या फायली क्रमाने चालवतो. खतावणी वाचावी तशा त्या वाचता येतात. मला त्याचा लळा आहे.

वेबमिनला असल्या भाऊबंदकीशी कर्तव्य नाही. जेमी कॅमेरन यांनी 1997 साली पर्ल भाषेत ते सुरू केले. आपला छोटा वेब सर्व्हर ते सोबत आणते, 10000 क्रमांकाच्या दारी बसते आणि घरात कोणताही इनिट असो, त्याच्याशी जुळवून घेते. मात्र साऱ्या घराच्या किल्ल्या ते अष्टौप्रहर कमरेला बाळगते. त्याच्या वितरित प्रतींत कोणीतरी चोरवाट घुसडली होती, हे 2019 साली उघडकीस आले. ती लगेच बुजवली गेली. पण कमरेला किल्ल्या असणाऱ्यावर डोळा ठेवावा लागतो, एवढा धडा राहिलाच.

तरीही माझे मन वेबमिनकडेच झुकत होते. कारण मग घराचा पाया हलवावा लागत नव्हता. बाईंना दोन्ही दाखवली. त्यांनी शांतपणे विचारले, “आणि ही खिडकीच उघडेनाशी झाली, तर मी हाक कोणाला मारू?”

साधनांची तुलना करताना हा प्रश्न माझ्या मनात आलाच नव्हता. गावातल्या ज्या मुलाला त्या बोलावतील, तो आज बहुधा सिस्टमडीवरच शिकलेला असणार. मोडी दफ्तरांचे काय झाले, ते आपण पाहतोच. कागद शाबूत, शाई शाबूत. वाचणारा मात्र शोधत फिरावे लागते.

म्हणून डेबियन आणि कॉकपिट असे ठरवले. आधी नोंदींची प्रत बाहेर काढायची, मग एका जुन्या यंत्रावर महिनाभर चालवून पाहायचे आणि त्यानंतरच बदल करायचा. बाईंसाठी एका पानावर मराठीत टिपणही लिहीन. माझ्या आवडीचा इनिट त्या घरातून जाईल, याचे थोडे वाईट वाटते. पण दुसऱ्याच्या हाती किल्ली द्यायची, तर कुलूप त्याच्या हाताला उघडणारे हवे.