गाडीचं वय आणि गाडीचा धूर

आमच्या आण्णांना कर भरायचा कंटाळा अजिबात नाही. घरपट्टी एप्रिलमध्ये, वीजबिल मुदतीच्या आठ दिवस आधी. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस, सगळ्या पावत्या तारखेनुसार फाईलला. त्यामुळे २०२५ च्या दिवाळीनंतर "हा कर मी भरणार आहे, पण मला तो पटलेला नाही" असं त्यांनी फोनवर जाहीर केलं, तेव्हा मी चक्क लॅपटॉप बंद करून ऐकायला बसलो.

कर होता पर्यावरण कर, म्हणजे बोलीभाषेतला ग्रीन टॅक्स. आणि गाडी म्हणजे आमची मारुती एटहंड्रेड. एमएच-११, सातारा पासिंग, २०१० च्या पाडव्याला घेतलेली. पंधरा वर्षं झाली, रीपासिंग आलं. नोंदणीच्या नूतनीकरणाची फी ५,००० रुपये (१ एप्रिल २०२२ च्या आधी हीच फी ६०० होती, बरं का), आणि त्यावर पुढच्या पाच वर्षांचा पर्यावरण कर ३,०००. दोन्ही मिळून आठ हजार. चहापाणी वेगळं :)

आता तुम्ही म्हणाल, पाच वर्षांना आठ हजार म्हणजे महिन्याला दीडशे रुपयेसुद्धा नाहीत. पुण्यात शनिवारी संध्याकाळी दोघांच्या कॉफीला याहून जास्त जातात. मीही हेच म्हणालो. त्यावर आण्णा म्हणाले, "अरे, पैशाचं नाही. कशाचे पैसे घेताय तेवढं सांगा. धुराचे म्हणतात, आणि धूर कुणी बघितलाच नाही. जन्मतारीख बघितली!"

झालं. माझा अख्खा रविवार या वाक्यात गेला.

आधी कराची कुंडली मांडू. महाराष्ट्राने २०१० साली मोटार वाहन कर कायद्यात दुरुस्ती करून हा कर आणला. म्हणजे आमची गाडी आणि हा कर, दोघेही एकाच वर्षीचे! खासगी गाडीला पंधरा वर्षं झाली आणि व्यवसायाच्या गाडीला आठ वर्षं झाली की हा कर लागू. खासगीचे तेव्हा ठरलेले दर पाच वर्षांसाठी असे: दुचाकी २,०००, पेट्रोल मोटार ३,०००, डिझेल मोटार ३,५००. बस्स. गाडी किती पळते, किती धूर सोडते, इंजिन कसं ठेवलंय, यातलं काहीही या हिशेबात येत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर एकच इफ-कंडिशन आहे, आणि तिच्यात एकच व्हेरिएबल आहे.

आता वयात काहीच अर्थ नाही असंही नाही. त्याचीही गंमत आहे. एप्रिल २०१० पासून देशातल्या १३ शहरांत बीएस-४ हा कडक निकष लागू झाला. त्यात आपल्याकडची मुंबई, पुणे आणि सोलापूर होती. एटहंड्रेडचं इंजिन त्यात बसत नव्हतं, म्हणून या शहरांत तिची विक्री बंद झाली. बाकी देशात बीएस-३ चालत होतं. म्हणजे त्या दिवाळीला पुण्यात जी गाडी नवी विकत मिळत नव्हती, ती नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात आलं की हार घालून, पेढे वाटून घरी नेता येत होती. साताऱ्यात चालेल, सांगलीत चालेल, पुण्यात नाही. २०१७ च्या एप्रिलपासून बीएस-४ सगळ्या देशाला लागू झालं, २०२० च्या एप्रिलपासून बीएस-६. तेव्हा गाडी जितकी जुनी तितका तिचा निकष ढिला, हा ठोकताळा सरसकट चुकीचा नाही.

पण मग कराने निदान निकष तरी बघावा ना! २०१० च्या दिवाळीला पुण्यात घेतलेली बीएस-४ पेट्रोल गाडी आणि साताऱ्यात घेतलेली बीएस-३ पेट्रोल गाडी, दोघींनाही २०२५ मध्ये कर तेवढाच. हा फरक सरकारनेच केलेला, आणि कर लावताना सरकारच तो विसरलं.

आता मामाकडे जाऊ. मामा तासगावचा, सांगली जिल्हा, द्राक्षबागायतदार. त्याच्याकडे २०१३ ची डिझेल जीप आहे, तीही बीएस-३. बाग, औषधांचं दुकान, कोल्ड स्टोरेज, व्यापारी, लग्नं, मयती, सगळीकडे तीच. वर्षाला पंचवीस हजार किलोमीटर सहज. पेठ नाक्याच्या पुढे चढावर मामाने गिअर टाकला की मागच्या मोटारसायकलवाल्याचा पांढरा शर्ट राखाडी होतो. मामाला फोन करून विचारलं, पर्यावरण कर भरलास का? मामा खूश. "मला कशाचा आलाय कर? अजून तीन वर्षं काय बी नाही बघ. गाडी तरणीताठी हाय!"

आमची एटहंड्रेड वर्षाला फार तर दीड हजार किलोमीटर फिरते. घर कोरेगाव रस्त्याला, साताऱ्यापासून १५ किलोमीटरवर. आईचे गुडघे, तिचा दवाखाना, महिन्याचा बाजार, आणि संध्याकाळनंतर एसटीचा भरवसा नाही म्हणून कुणाला तरी स्टँडवरून आणणं. संपला प्रवास.

मग मी सवयीप्रमाणे एक्सेल उघडलं. एक लिटर पेट्रोल वजनाला जेमतेम पाऊण किलो. पण जळताना हवेतला ऑक्सिजन जोडला जातो, म्हणून त्यातून साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. डिझेलचा साधारण २.७ किलो. एटहंड्रेड लिटरला सोळा किलोमीटर देते असं धरलं, तर पाच वर्षांच्या साडेसात हजार किलोमीटरला पावणेपाचशे लिटरच्या आसपास पेट्रोल, म्हणजे सुमारे १.१ टन. त्यावर पर्यावरण कर ३,०००. किलोमीटरला ४० पैसे. मामाची जीप बाराने चालते. तिचा कर सुरू व्हायच्या आधीच्या तीन वर्षांत पाऊण लाख किलोमीटर, सव्वासहा हजार लिटर, जवळजवळ १७ टन. पर्यावरण कर शून्य. आणि एखादी पंधरा वर्षांवरची पेट्रोल गाडी पाच वर्षांत लाखभर किलोमीटर पळाली, तर तिला हाच कर किलोमीटरला ३ पैसे पडतो. म्हणजे जो कमी फिरवेल त्याला महाग, जो जास्त फिरवेल त्याला स्वस्त. पर्यावरणाच्या नावाने!

इथे मामाच्या बाजूनेही बोललं पाहिजे, नाहीतर द्राक्षाची पेटी बंद होईल :) मामा डिझेलच्या प्रत्येक लिटरवर केंद्राचं उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट भरतोच. आणि कार्बन डायऑक्साइड तर जाळलेल्या इंधनाच्या प्रमाणातच निघतो. तेव्हा कार्बनपुरता विचार केला तर पंपावरचा कर हाच खरा उत्सर्जन कर आहे. जास्त जाळाल, जास्त भराल. त्यासाठी वयाची गरजच नाही.

वयाची गरज पडते ती दुसऱ्या धुरासाठी. कार्बन मोनॉक्साइड, अर्धवट जळालेलं इंधन, नायट्रोजनचे ऑक्साइड, डिझेलची काजळी. म्हणजे ज्याने आपल्या छातीत खोकला बसतो तो धूर. हा लिटरवर ठरत नाही, इंजिनवर आणि त्याच्या देखभालीवर ठरतो. एअर फिल्टर, प्लग, सायलेन्सरच्या वाटेवरचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. तो मोजायचा तर गाडीच्या मागे नळी लावूनच मोजावा लागतो. आणि ही नळी आपल्याकडे आहे! तिलाच पीयूसी म्हणतात. मग धूर मोजून कर का नाही?

याचं उत्तर मला एका पीयूसी केंद्रावर मिळालं. कुठलं ते सोडा, तुमच्याही ओळखीचं असेल. रीपासिंगच्या आधी आण्णा आणि मी गेलो होतो. आण्णांनी मुद्दाम गाडी आधी चांगली फिरवून आणली, कारण कन्व्हर्टर तापल्याशिवाय काम करत नाही. केंद्रावरच्या पोराने नंबरप्लेटचा फोटो काढला, कॉम्प्युटरवर दोन बटणं दाबली आणि प्रिंट काढायला लागला. आण्णा म्हणाले, "नळी?"

"काका, काय गरज नाही. गाडी ओक्केय."

"ते तू कसं सांगतोस? तापमान न घेता डॉक्टर ताप नाही म्हणाला तर चालेल का?"

मागे चार गाड्या उभ्या. हॉर्न सुरू. पोरगं कावलं, पण नळी शोधून आणली, पुसली, घातली. कार्बन मोनॉक्साइड ०.२ टक्के. या गाडीला मर्यादा ०.५ आहे. आण्णांच्या चेहऱ्यावर बोर्डात आलेल्या विद्यार्थ्याच्या बापाचा आनंद! आमचे मिस्त्री दर दोन महिन्यांनी म्हणतात ते खरंच होतं, "गुरुजी, हे इंजिन अजून दहा वर्षं कुणाला ऐकत नाही."

पण ज्या चार गाड्या मागे हॉर्न वाजवत होत्या, त्यांच्यापैकी एकानेही नळी मागितली नाही. एकाने तर गाडी बंदसुद्धा करून ठेवली होती. त्या सगळ्यांच्या हातातली पावती आणि आण्णांच्या हातातली पावती सरकारच्या डेटाबेसमध्ये एकसारखीच दिसते. कुठली मोजलेली आणि कुठली छापलेली, ओळखायचं कसं?

तिथे मला कराचं कोडं सुटलं. आम्ही सॉफ्टवेअरवाले हेच करतो की. एखाद्या सेन्सरच्या आकड्यावर विश्वास नसला की तो सोडून देतो आणि बदलता न येणारी एखादी गोष्ट धरतो. वाहनाच्या नोंदीत जन्मतारीख ही अशी गोष्ट आहे. तिला लाच देता येत नाही, तिला घाई नसते, तिच्यामागे हॉर्न वाजत नाहीत. सरकार वयावर कर लावतं, कारण पीयूसीच्या पावतीवर खुद्द सरकारचाही भरवसा नाही. आणि तो भरवसा एकट्या सरकारने घालवलेला नाही. फोटोवर पावती देणाऱ्याने घालवला, आणि "दे लवकर" म्हणणाऱ्या रांगेनेही.

याची किंमत कोण देतं? जो गाडी नीट ठेवतो तो. कारण या करात नीट वागण्याला बक्षीसच नाही. आण्णांनी वर्षाला दोनदा सर्व्हिसिंग केलं काय आणि गाडी उकिरड्यासारखी ठेवली काय, ३,००० ते ३,०००. कर कमी करायचा एकच मार्ग, गाडी भंगारात काढणं. स्क्रॅपिंगचं प्रमाणपत्र दाखवलं तर नव्या खासगी गाडीच्या करात २५ टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद केंद्राने २०२१ मध्ये केली आहे. पण ही सवलत नवी गाडी घेणाऱ्याला. चौऱ्याहत्तराव्या वर्षी, पेन्शनवर, दीड हजार किलोमीटरसाठी पाच-सहा लाख घालायचे? उलट ३० लाखांच्या वरच्या इलेक्ट्रिक गाड्यांवर ६ टक्के कर मार्च २०२५ च्या राज्याच्या अर्थसंकल्पात सुचवला गेला आणि त्याच अधिवेशनात मागेही घेतला गेला. इलेक्ट्रिक गाडी धूर सोडत नाही, हे मान्य. पण आण्णांना ही बातमी वाचून काय वाटलं असेल, तेही समजून घ्या.

हे दुखणं आपलंच आहे असंही नाही. फ्रान्समध्ये नोव्हेंबर २०१८ मध्ये इंधनावरच्या वाढत्या करावरून पिवळी जाकिटं घालून माणसं चौकाचौकांत बसली. त्यात खेड्यांतली आणि छोट्या गावांतली माणसं पुष्कळ होती, ज्यांना गाडीशिवाय कामावर पोचायची सोय नव्हती. लंडनने २०१९ पासून जुन्या गाड्यांना दिवसाला साडेबारा पौंड लावले, पण निदान गाडीचा निकष बघून. साधारण आपल्या बीएस-४ च्या तोडीची पेट्रोल गाडी तिथे सुटते, वय काहीही असो. तिथेही लोक चिडले, कॅमेरे तोडले. पण "माझी गाडी मोजलीच नाही" ही तक्रार मात्र जरा कमी करता येते.

आपल्याला काय जमेल? माझ्या अल्पमतीनुसार, वयाचा कर राहू दे, पण मोजणीची वाट उघडा. जिथे नळी घातल्याशिवाय यंत्र पुढेच सरकत नाही अशा ठिकाणी गाडी तपासून घ्यायला मालक तयार असेल आणि आकडा मर्यादेच्या बराच खाली असेल, तर करात सूट. किलोमीटरचा आकडा तपासणीत तसाही नोंदवता येतो. साधा पेट्रोल पीयूसी नायट्रोजनचे ऑक्साइड आणि बारीक कण मोजत नाही, हेही मला कळतं. पण अर्धं मोजणं हे काहीच न मोजण्यापेक्षा बरं, आणि माणसाला निदान आपली बाजू मांडता येते.

आण्णांनी कर वेळेत भरला हे सांगायला नकोच. पावती फाईलला लागली. तिच्यामागे ०.२ वाली पीयूसीची पावतीसुद्धा लावली आहे, कुणी मागितली नसताना.

तुमच्याही गावाकडे घरी अशी एखादी गाडी असेल, तर पुढच्या वेळी पीयूसीला जाताना इंजिन तापवून न्या आणि नळी आत जाते का तेवढं बघा. मागचे हॉर्न वाजवतील. वाजवू देत.