१ जुलैची कुंडली

आमच्या उर्दू शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात जन्मतारखेचा एक रकाना आहे. जुनी पानं उलटत गेलं की त्या रकान्यात एकच तारीख पुन्हा पुन्हा भेटते, १ जुलै. शेख, खान, पठाण, सय्यद, शाह, सारे एकाच दिवशी जन्मलेले! वर्ष तेवढं बदलतं. हा काही मुसलमानांचाच चमत्कार नाही. शेजारच्या मराठी शाळेत राठोड, आडे, मेश्राम, आत्राम यांचंही तेच आहे. महाराष्ट्रात कुठे हा मान १ जूनला आहे, कुठे १ जुलैला. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या रजिस्टरांत १ जुलैची रांग मोठी दिसते.

कारण अगदी साधं आहे. शाळा उघडायच्या सुमारास बाप पोराचा हात धरून यायचा. कागद काही नसायचा. गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगत. कान हाताला लागला की पोरगं सहा वर्षांचं झालं! मग चालू सालातून सहा वजा करायचे आणि पुढे १ जुलै लिहायचं. वयाचा हिशेब सोपा, आणि भरतीही पक्की. त्या एका ओळीने किती मुलं वर्गात बसली असतील!

आता या तारखेचं भविष्य पाहू. वर्तमानपत्रातल्या पाश्चात्य पद्धतीने १ जुलैचा माणूस कर्क राशीचा, म्हणजे चंद्राच्या अमलाखालचा, हळवा आणि घरवेडा. आपल्या पंचांगाप्रमाणे त्या दिवशी सूर्य मिथुनेत असतो आणि नक्षत्र आर्द्रा असतं. अंकशास्त्रवाले म्हणतात, अंक १, स्वामी सूर्य, माणूस हुकूम सोडणारा. रत्न माणिक. आमच्या रजिस्टरातले हे सूर्यपुत्र पुढे हमाल झाले, ट्रकचालक झाले, कपाशी वेचणारे झाले, काही शिक्षकही झाले. एकाच तारखेची शेकडो नशिबं शेकडो वाटांनी गेली. भविष्य सांगणाऱ्यांनी कधीतरी आमचं रजिस्टर वाचावं.

आमच्या धर्मातही या बाबतीत स्पष्ट शिकवण आहे. पैगंबर साहेबांचा लहानगा मुलगा इब्राहिम वारला, त्याच दिवशी सूर्याला ग्रहण लागलं. लोक दोन्हींचा संबंध जोडू लागले. तेव्हा त्यांनी समजावलं की कुणाच्या जन्माने किंवा मरणाने सूर्य-चंद्राला ग्रहण लागत नाही. पुत्रशोकात असतानाही बापाने सांगितलेली ही गोष्ट आहे.

मग आमच्या आया तारखेशिवाय जगत होत्या का? मुळीच नाही. त्यांची मोजणी चंद्राची होती. 'रजबच्या चांदाला झाला', 'बकरीदच्या दुसऱ्या दिवशी झाली', असं त्या बिनचूक सांगत. नावातच दाखला असायचा. जुम्मन शुक्रवारचा, रमजानी रमजानचा, शबराती शबे-बरातचा. पण चांद्र वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान. रमजान कधी उन्हाळ्यात येतो, कधी हिवाळ्यात. आईची आठवण खरी असूनही रजिस्टरातल्या कॅलेंडरवर ती बसत नसे. गंमत अशी की कुंडली मांडणारा जोतिषीही माणसाची रास चंद्रावरूनच ठरवतो. आई चंद्राला विचारी, जोतिषी चंद्राला विचारी. गुरुजींना मात्र फक्त शाळेचं वर्ष विचारायचं होतं.

शिकलेल्या घरांत तारीखी नावाची पद्धत होती. अबजद हिशेबात प्रत्येक अक्षराला अंक असतो. सगळ्या अक्षरांची बेरीज जन्माचं हिजरी साल होईल असं नाव शोधायचं. मौलाना आझादांचं असं नाव फिरोज बख्त. बेरीज करून पाहा, १३०५ भरते. १३०५ हिजरी साल सप्टेंबर १८८८ च्या सुरुवातीला संपलं. पण देशात २००८ पासून राष्ट्रीय शिक्षण दिन साजरा होतो तो मौलानांची जयंती म्हणून ११ नोव्हेंबरला, जन्मसाल १८८८ धरून. म्हणजे नावातलं साल आणि सरकारी तारीख यांचा मेळ बसत नाही. देशाच्या पहिल्या शिक्षणमंत्र्याची ही कथा, मग आमच्या जुम्मनचं काय घेऊन बसलात!

तसा १ जुलै मोठ्या माणसांचाही दिवस आहे. वसंतराव नाईक १ जुलै १९१३ ला आमच्याच जिल्ह्यात, पुसदजवळच्या गहुलीत जन्मले. १९६३ ते १९७५ ते मुख्यमंत्री होते. त्यांची जयंती राज्यात कृषी दिन म्हणून पाळतात. परमवीर चक्राचे मानकरी अब्दुल हमीद यांची जन्मतारीख १ जुलै १९३३. १९६५ च्या युद्धात पाकिस्तानचे रणगाडे उडवताना ते शहीद झाले. १ जुलैला शाळेत आम्ही दोन्ही नावं सांगतो आणि मग विचारतो, आज कुणाकुणाचा वाढदिवस? पूर्वी अर्धा वर्ग हात वर करायचा. आता दवाखान्यात बाळंतपणं होतात, दाखले मिळतात, हात कमी झाले. ही आनंदाची गोष्ट आहे.

ग्रहांनी नाही, पण या तारखेने माणसांचं भलंबुरं खरंच केलं आहे. सरकारी नोकरीत महिन्याच्या १ तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. म्हणजे १ जुलैवाला ३० जूनला घरी. सहाव्या वेतन आयोगाने वार्षिक वेतनवाढीची तारीख ठरवली, तीही १ जुलै! वर्षभर राबून एका दिवसासाठी वाढ गेली. कितीजण कोर्टात गेले. अखेर ११ एप्रिल २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, वर्षभराच्या सेवेने कमावलेली वाढ द्यावी लागेल. याला साडेसाती म्हणावं की सेवानियम?

त्याहून मोठी काळजी पुढे आहे. एखादे चाचा शाळेत येतात. दाखल्यावर १ जुलै, आधारवर १ जानेवारी, मतदार यादीत नुसतं वय. विचारतात, "सर, इनमें से मैं कौन?" जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा, पण खेड्यात नोंदी नियमित व्हायला पुढे बरीच वर्षं लागली. २०२५ मध्ये राज्य सरकारने उशिराच्या जन्मनोंदींची छाननी सुरू केली, नियम कडक केले. त्याच वर्षाच्या शेवटी आमच्याच आर्णी तालुक्यातल्या शेंदुरसनी ग्रामपंचायतीच्या नावावर २७ हजारांहून अधिक जन्मनोंदी सापडल्या. गावची वस्ती दीड हजाराच्या आसपास! असले बनावट धंदे पकडलेच पाहिजेत. पण त्यांच्यामुळे संशयाची नजर चाचांच्या १ जुलैवरही पडते, त्याचं दुःख होतं. चाचांची तारीख अंदाजाची असेल. चाचांचा जन्म अंदाजाचा नाही. गाव साक्षीला आहे, मातीत त्यांचे आईबाप आहेत.

म्हणून आम्ही जुनी रजिस्टरं जपतो. पाऊस आत आला की आधी ती उचलतो. वाळवीने खाल्लेल्या पानाची नक्कल करताना अक्षर न अक्षर जुळवतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपघात भरपाईच्या एका खटल्यात वय ठरवताना आधारपेक्षा शाळेच्या दाखल्याला मान दिला. त्या गुरुजींना हे ठाऊक नव्हतं. त्यांना एवढंच माहीत होतं की दाराशी उभं असलेलं पोरगं आत घ्यायचं आहे.

पालकांना आमचं सांगणं एकच. मूल जन्मल्यावर २१ दिवसांच्या आत नोंद करा, नावाचं स्पेलिंग नीट तपासा, आणि दाखला कुरआन शरीफच्या जुजदानाइतका जपून ठेवा. चंद्राची तारीखही घरच्या वहीत जरूर लिहा. एक तारीख सरकारसाठी. दुसरी आईसाठी.