खिडकीपाशी ठेवलेली कुंडी

पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघालं की उरुळी कांचनच्या आसपास रोपवाटिका लागतात. फ्लॅटसाठी रोपं घ्यायला आलेली माणसं हल्ली तिथे हमखास विचारतात, "हवा शुद्ध करणारं झाड कोणतं?" विकणाऱ्याचं बोट स्नेक प्लांटकडे जातं, अरेका पामकडे, मनी प्लांटकडे जातं. लोकांच्या घरांत कुंड्या लावून देणाऱ्याला मात्र या प्रश्नाचं खरं उत्तर ठाऊक असलंच पाहिजे. त्याच्या शब्दावर विसंबून कुणी ती कुंडी दमेकऱ्याच्या उशाशी नेऊन ठेवणार असतं.

ही सगळी ख्याती निघाली १९८९ च्या एका अहवालातून. अमेरिकेत मिसिसिपी राज्यातल्या नासाच्या स्टेनिस केंद्रात बिल वुल्व्हर्टन यांनी हवाबंद पारदर्शक पेट्यांमध्ये घरगुती रोपं ठेवली आणि आत बेन्झिन, ट्रायक्लोरोइथिलीन, फॉर्मल्डिहाइड सोडलं. रंग, गोंद, प्लायवूड, साफसफाईची द्रावणं यांतून घरात येतात त्याच जातीचे हे वायू. चोवीस तासांत पेटीतलं त्यांचं प्रमाण उतरलं. प्रयोग प्रामाणिक होता आणि त्याच्यासमोर गरज होती अंतराळयानाची, जिथे खिडकी उघडता येत नाही. त्यातला एक तपशील कुंडी भरणाऱ्या हाताला फार मोलाचा वाटावा: हे काम एकट्या पानांचं नव्हतं. मुळांभोवतीची माती आणि तिच्यातले सूक्ष्मजीव यांचा त्यात मोठा वाटा होता. दिवाणखान्यातल्या कुंडीत मातीवर पांढऱ्या गोट्यांचा जाड थर पसरायची फॅशन आहे. जाणता माळी ते शक्यतो टाळतो आणि माती वरून भुसभुशीत, उघडी ठेवतो.

पण घर म्हणजे पेटी नव्हे. दाराखालच्या फटीतून, खिडकीतून, स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट पंख्यातून घरातली हवा सारखी बदलत असते. फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या कमिंग्ज आणि वॅरिंग या दोघांनी २०१९ मध्ये १२ शोधनिबंधांतले १९६ प्रयोग पुन्हा तपासले. इमारतीत एरवी जी हवा खेळते तिची बरोबरी झाडांनी करायची, तर दर चौरस मीटरला १० ते १,००० झाडं लागतील, असा त्यांचा हिशेब निघाला. आपल्याकडच्या दहा बाय बाराच्या खोलीला हा हिशेब लावला तर किमान शंभरावर कुंड्या होतात आणि कमाल अकरा हजार. शंभर कुंड्यांतही माणसाला पाय टाकायला जागा उरणार नाही.

दिल्लीच्या नेहरू प्लेसमधल्या पहारपूर बिझनेस सेंटरचं उदाहरण इथे नेहमी पुढे केलं जातं. तिथे कमल मीटल यांनी ३०० माणसांसाठी १,२०० हून अधिक झाडं लावली. शहराच्या हवेने त्यांच्या स्वतःच्या फुफ्फुसांवर घाला घातला होता, त्यातून ही धडपड सुरू झाली. तिचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण त्या इमारतीत हवा गाळणारी यंत्रणाही आहे, आणि कौतुक करताना नेमकं तेच सांगायचं राहून जातं. माणशी चार झाडं आणि वर यंत्रं, असा तो मामला आहे. कपाटावरची एकटी मनी प्लांट त्यात कुठेच बसत नाही.

रात्री प्राणवायू देणारं झाड म्हणून स्नेक प्लांटची जी जाहिरात होते, तिचंही असंच. कोरड्या मुलखातलं हे झाड पाणी वाचवण्यासाठी आपली पर्णरंध्रं रात्री उघडतं आणि तेव्हा कार्बन डायऑक्साइड आत घेतं. प्राणवायू तयार होतो तो उजेड असताना. अंधाऱ्या बेडरूममध्ये एका कुंडीने श्वासाला फरक पडत नाही.

मग झाडं ठेवायचीच कशाला? ठेवायची, आवर्जून ठेवायची. रॉजर उलरिच यांनी १९८४ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयातल्या नोंदी मांडल्या. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ज्या रुग्णांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. ती झाडं खिडकीबाहेरची होती, कुंडीतली नव्हेत, हे खरं. तरी हिरव्याकडे पाहून माणूस सैलावतो, हे कुंड्यांची निगा राखणाऱ्याला घरोघर दिसत असतं. निवृत्तीनंतर दिवस अंगावर येणारी माणसं सकाळी पानं पुसत बसतात, नवा कोंब आला की शेजाऱ्याला बोलावून दाखवतात. आरोग्याचा हा लाभ कुठल्याही मीटरवर उमटत नाही, पण तो खराच आहे.

तो टिकवायचा तर हातात कसब हवं. पहिली गोष्ट उजेडाची: भर दुपारी दिवा न लावता जिथे वर्तमानपत्र वाचता येत नाही, तिथे बहुतेक झाडं जेमतेम तग धरतात. दुसरी पाण्याची. घरातली झाडं तहानेपेक्षा लाडाने जास्त मरतात. बोट दोन पेरं मातीत घालावं, ओल लागली तर झारी खाली ठेवावी. पोयटा, कोकोपीट, कुजलेलं शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड एवढं मिश्रण पुरतं, फक्त तळाची भोकं बुजलेली नसावीत. सतत ओल्या मातीवर बुरशी धरते आणि दमेकऱ्याला तिचाच त्रास होतो. हवेसाठी आणलेली कुंडी तेव्हा हवाच बिघडवते.

हवा सुधारायची असेल त्याने आधी घरात काय जळतं ते पाहावं. डास पळवणारी एक कॉइल पूर्ण जळते तेव्हा ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण सोडते, असं २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत आढळलं होतं. कॉइल बंद करून खिडकीला जाळी बसवली आणि फोडणी देताना पंखा लावला, तर कुंड्यांच्या ओळीपेक्षा कितीतरी जास्त फरक पडतो. कुंडी त्याच खिडकीपाशी ठेवावी, म्हणजे झाडालाही उजेड मिळतो.

रांगतं मूल असेल तर डिफेनबेकिया आणि मनी प्लांट हाताला येणार नाहीत इतक्या उंच ठेवाव्यात. त्यांच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. चावलं की तोंडाची आग होते, सूज येते. आणि पावसाळ्यात कुंडीखालच्या थाळ्या व बाटलीतल्या मनी प्लांटचं पाणी यांच्यावर नजर हवी. डेंगीच्या डासाला अंड्यातून उडण्यापर्यंत साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्याचा एक वार ठरवून थाळी ओतायची, आतून घासायची आणि कोरडी करूनच परत कुंडीखाली सरकवायची.